रजिस्टरातली नावे

गेल्या काही महिन्यांत पाळकांकडून आणि सभासदांकडून आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते आहे : दाखला मिळत नाही. कुणाला बाप्तिस्म्याचा हवा आहे, कुणाला लग्नाचा. जुने पाळक बदलून गेले, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला. कपाट उघडले तर रजिस्टराला वाळवी लागलेली, आणि वाळवीतून जे वाचले त्यात साक्षीदारांच्या सह्याच नाहीत.

या त्रासात सरकारी कार्यालयांचा वाटा मोठा आहे. मागच्या पावसाळ्यात, लग्नाला अठरा वर्षे झालेल्या एका जोडप्याबरोबर मी विवाहनोंदणीच्या कार्यालयात गेलो होतो. मंडळीचा दाखला उलटसुलट पाहून तिथल्या कर्मचाऱ्याने विचारले, "सप्तपदीचा फोटो कुठंय?" आमच्यात सप्तपदी नसते, वधूवर देवासमोर वचने देतात, असे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग लग्न लागलं कशावरून?" १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही लागू आहे, हे नोंदणी कार्यालयाला पाळकाने समजावून सांगायचे! या हेलपाट्यांत त्या दोघांची तीन दिवसांची मजुरी बुडाली. शासनाने नोंदणी कार्यालयांना याबाबत स्पष्ट परिपत्रक पाठवले पाहिजे, आणि धर्मप्रांतांनी पत्र देऊन गप्प न बसता ही मागणी लावून धरली पाहिजे.

पण तिसऱ्या खेपेला तिथल्या एका जुन्या कारकुनांनी जे विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. "पाळकसाहेब, लग्न लागल्यावर महिन्याच्या आत तुमच्याकडून निबंधकाकडे प्रमाणपत्र यायला हवं. ते कुठंय?" परत येऊन मी रजिस्टर उघडले. त्या वर्षीची सगळी प्रमाणपत्रे आपापल्या पानाला जशीच्या तशी जोडलेली होती. एकही फाडून पाठवलेले नव्हते.

परवानाधारक पाळकाने लग्न लावताच दोन प्रतींत नोंद करायची, वधूवरांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, आपली करायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रम राखायचा आणि प्रमाणपत्र महिन्याभरात पाठवायचे. हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी ते होत नाही, कारण आपण त्याला कारकुनी समजतो. उपदेश म्हणजे सेवा आणि रजिस्टर म्हणजे सेक्रेटरींचे काम, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे.

वेळेचा प्रश्न याहून गंभीर आहे. खास परवान्याचे अपवाद सोडले तर लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लागले पाहिजे. जाणूनबुजून ही वेळ मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी वरात बँडच्या तालावर साडेसातला दारात येते आणि पाळक मुकाट्याने उभा राहतो. काही ठिकाणी तर वर येण्याआधीच साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवतात. जे अजून पाहिलेच नाही त्याची साक्ष, तीही वेदीशेजारच्या टेबलावर! ज्या दोघांना आपण खरेपणाची वचने द्यायला लावतो, त्यांच्या संसाराचा पहिलाच कागद आपण खोटा करतो. पत्रिका छापण्याआधी दोन्ही घरच्यांना बसवून सांगा : सात वाजले की आज लग्न लागणार नाही. एकदा सांगितलेले पाळून दाखवा, पुढची वरात वेळेवर येईल.

नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीचे मिशनच्या काळातले बाप्तिस्म्याचे रजिस्टर मी पाहिले आहे. बोरूने लिहिलेले, शाई तांबूस झालेली. गाव ज्याला 'धोंड्या' म्हणून हाक मारी, त्याचे नाव तिथे 'धोंडिबा' असे आहे. पुढे बापाचे नाव, आईचे नाव, गाव. लिहिणाऱ्याने त्या माणसाला त्या एका ओळीत मान दिला होता. आज त्याच्या पणतवंडांना इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि आजोबांचा शाळेचा कागद सापडला नाही की लोक मंडळीच्या कपाटाकडे धावत येतात.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण वाचनात बहुधा गाळतो, नुसती नावे म्हणून. फिबी, प्रिस्का, अक्विला आणि पुढे कितीतरी जण. पौलाला ती सगळी तोंडपाठ होती, आणि ती उतरवून घेणाऱ्या तर्तियसानेही त्यात आपला सलाम लिहिला आहे. सुवार्तेच्या एवढ्या मोठ्या पत्राचा शेवट नावांच्या यादीकडे येतो, तर पाळकाला यादीचा कंटाळा का यावा?

गेल्या वर्षी मी पंधरा वर्षांपूर्वीची बाप्तिस्म्याची पाने दृढीकरणाच्या वर्गाशी ताडून पाहिली. एक मुलगा कुठेच नव्हता. घर शोधत गेलो. वडील वारले होते, आई बाजारतळाजवळ भाड्याच्या खोलीत, मुलगा गॅरेजात कामाला. तिने स्टुलावरचे कपडे उचलून मला बसायला दिले आणि विचारले, "आमचं नाव अजून आहे का तिथं?" आहे, असे मी सांगू शकलो. कुणीतरी ते नीट लिहून ठेवले होते.

बंधूंनो, भगिनींनो, या महिन्यात एवढे कराच. रजिस्टरे कोरड्या लोखंडी कपाटात हलवा. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि एक प्रत मंडळीबाहेर ठेवा. अडकून राहिलेली प्रमाणपत्रे उशिराच्या कारणासह निबंधकाकडे पाठवा. अपुऱ्या जुन्या नोंदींत मागाहून काही भरू नका, वेगळे टिपण जोडा. आणि दर आठवड्याला जुन्या पानावरची पाच नावे घेऊन भेटीला निघा.

येत्या रविवारी उपासना संपली की कपाट उघडा. किल्ली सेक्रेटरींकडे असेल तर त्यांना आजच फोन करा.