नॉमिनीच्या रकान्यातल्या दोघी

13 जानेवारी 1948 या दिवशी नथुराम गोडसेने आपल्या दोन हजारांच्या विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून मित्राच्या, नारायण आपटेच्या बायकोचं नाव लावलं. चंपूताई. दुसऱ्या दिवशी तीन हजारांच्या दुसऱ्या पॉलिसीवर धाकट्या भावाच्या, गोपाळच्या बायकोचं. सिंधूताई. त्याच 14 तारखेला गोपाळने खडकीच्या लष्करी डेपोत सात दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला आणि कारण दिलं गावाकडच्या शेतीच्या कामाचं.

गांधीहत्येच्या खटल्यात हे कागद पुराव्यात आले. कट आधीच शिजला होता, हे सरकार पक्षाला दाखवायचं होतं. मी ते वाचतो तेव्हा माझी नजर त्या दोन नावांवर थांबते. स्वतः लग्न न केलेला एक माणूस दोन संसार मोडणार हे धरून चालला होता. पाच हजारांत त्यांची सोय लावून तो दिल्लीला निघाला. पुढची सगळी वर्षं त्या दोघींना काढायची होती.

या सदरात आपण घरांविषयी बोलतो. वाटण्या, लग्नं, म्हातारी माणसं, लेकी-सुना. आजचं घर मी मुद्दाम घेतलं आहे. नोव्हेंबरात 15 तारीख आली की आमच्या वैरागातही काही तरुणांच्या मोबाइलवर नथुरामचा फोटो स्टेटसला लागतो. त्या फोटोत माणूस एकटा असतो. मागे घर दिसत नाही, आणि ते दिसावं असं मला फार वाटतं.

ते घर तुमच्या-आमच्यासारखंच होतं. वडील विनायकराव पोस्टात नोकरीला, बदल्यांची नोकरी. 19 मे 1910 रोजी बारामतीला नथुराम जन्मला, त्याआधीचे मुलगे लहानपणीच गेले होते. मग नवस झाला, मुलीसारखं वाढवायचं ठरलं, नाकात नथ घातली. रामचंद्रचा नथुराम झाला तो असा. लहानपणी त्याला कुलदेवीसमोर बसवत आणि काजळात पाहून तो घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देई, असंही घरच्यांनीच सांगून ठेवलं आहे. पुढे काही अभ्यासकांनी सगळं उत्तर त्या नथीत शोधलं. मला ते पटत नाही. नवसाची, नाक टोचलेली पोरं आमच्या भागात गल्लोगल्ली होती. त्यांनी जन्मभर शेती केली, दुकानं चालवली. दोष नथीवर टाकला की आईवर टाकल्यासारखा होतो, आणि ज्या माणसाने मोठेपणी विचार करून, पैसा जमवून, पिस्तूल मिळवून एका म्हाताऱ्याच्या छातीवर गोळ्या झाडल्या त्याची जबाबदारी हलकी होते. नथुराम तेव्हा 37 वर्षांचा होता. जे केलं ते त्याने आणि त्याच्या साथीदारांनी केलं.

सिंधूताईंच्या पदरात दोन मुली होत्या. धाकटी असिलता जेमतेम वर्षाची. फेब्रुवारीत गोपाळला अटक झाली, वर्षभराने लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि नथुराम-आपटेला फाशी. 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फासावर दिलं. इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ असतं. पण 16 नोव्हेंबरला पुण्यात त्या घरात पीठ कुठून आलं, हे कुणाच्या भाषणात येत नाही. सिंधूताई दिरांच्या घरातून बाहेर पडल्या, भाड्याची जागा घेतली आणि प्रताप इंजिनिअरिंग नावाचं छोटं वर्कशॉप उभं केलं. 1950 च्या आसपासच्या पुण्यात, नवरा जन्मठेपेवर असलेल्या, आडनाव गोडसे असलेल्या बाईने वर्कशॉप चालवायचं म्हणजे काय, हे क्षणभर डोळ्यांसमोर आणून बघा. माल उधारीवर कोण देणार? काम कोण देणार? शाळेत मुलींचं पूर्ण नाव पुकारलं की वर्गात काय होत असेल? सोळा वर्षांहून अधिक काळ हा संसार त्या बाईने ओढला. या प्रकरणातला धैर्याचा भाग शोधायचाच असेल तर मी तो पिस्तुलाच्या बाजूला शोधणार नाही, त्या वर्कशॉपच्या बाजूला शोधेन.

चंपूताईंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. नवरा फासावर गेला आणि एकुलतं एक मूल जन्मापासून अधू, तेही पुढे लहानपणीच गेलं. त्यांच्याविषयी यापेक्षा जास्त लिहायला हात धजत नाही.

ऑक्टोबर 1964 मध्ये गोपाळ सुटला. महिन्याभरात, 12 नोव्हेंबरला, पुण्यातल्या उद्यान कार्यालयात सत्यविनायकाची पूजा घातली गेली. निमंत्रणं छापली, माणसं जमली. घरातला कर्ता सोळा वर्षांनी परत आला तर घरात पूजा व्हावी, बायकोने हळदीकुंकू करावं, मुलींनी बापाशेजारी बसावं, यात मला काहीच वावगं दिसत नाही. तो त्या घराचा हक्कच होता. पण ती पूजा घराची राहिली नाही. तिचा सत्कार-सोहळा झाला. लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर तिथे बोलले की नथुरामच्या मनातलं आपल्याला आधीच माहीत होतं. देशभर गदारोळ उठला, संसदेत प्रश्न आले. गोपाळला पुन्हा पकडून वर्षभर आत ठेवलं आणि त्यातूनच पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणारा कपूर आयोग बसला. सिंधूताईंना सोळा वर्षांनी मिळालेला नवरा काही दिवसांत पुन्हा गेला. तो त्यांच्यापासून नेला सरकारने, हे खरं. पण त्याआधी सत्कार करणाऱ्यांनी नेला होता, हेही तितकंच खरं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी कुणाच्या घरची चूल त्यामुळे विझली नाही.

आणि अस्थी. फाशीच्या दिवशी नथुरामने भाऊ दत्तात्रयच्या नावाने मृत्युपत्र लिहिलं. सिंधू नदी पुन्हा हिंदुस्थानात वाहू लागेल तेव्हा तिच्यात माझी रक्षा सोडा, तोवर सांभाळा, पिढ्या गेल्या तरी चालतील, असा त्याचा आशय. हिंदू घरात अस्थी ठेवून घेत नाहीत. दहाव्याच्या आत नदीला नेतात, माणूस मोकळा होतो, घरही मोकळं होतं. पंढरपूरला चंद्रभागेवर आपण ते करतो आणि रडून-जेवून कामाला लागतो. या घराला ती सुटका दिलीच गेली नाही. मरणाऱ्याने पुढच्या पिढ्यांना, न जन्मलेल्यांनाही, एका कलशाला बांधून ठेवलं. तो कलश आजही पुण्यात आहे आणि दर 15 नोव्हेंबरला त्याच्यासमोर माणसं जमतात.

ती वर्षाची असिलता पुढे वास्तुविशारद झाली. लग्न होऊन हिमानी सावरकर झाली. सासरे म्हणजे नारायणराव सावरकर, विनायक दामोदरांचे धाकटे भाऊ. गांधीहत्येनंतर जमावाने मुंबईत त्यांना दगडांनी ठेचलं होतं आणि पुढच्या वर्षी ते गेले. म्हणजे हत्येच्या आरोपीचं घर आणि हत्येचा सूड म्हणून दगड खाल्लेलं घर अशी दोन्ही जुळली. हिमानीताई हिंदू महासभेच्या, नंतर अभिनव भारतच्या अध्यक्ष झाल्या, 2015 मध्ये वारल्या. त्यांचं राजकारण मला मुळीच मान्य नाही आणि त्या सज्ञान, शिकलेल्या होत्या, तेव्हा ते त्यांनी निवडलं हेही मान्य करायला हवं. तरी एक गोष्ट सुटत नाही. त्या मुलीला घरात काकांची स्मृती होती आणि घराबाहेर शिव्या. जवळ घेणारे जे होते ते सगळे काकांचे भक्त. चौथं कुणी भेटलं असतं का? बापाने केलं ते वाईट केलं, पण तू आमचीच पोर आहेस, असं सांगणारं एखादं घर शेजारी असतं तर?

मला हा प्रश्न पुण्यापुरता वाटत नाही, कारण मी वैरागचा आहे. 1948 या एका वर्षात आमच्या दोन्ही बाजूंना आग लागली होती. फेब्रुवारीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावंच्या गावं होरपळली, आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही झळ लागली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण निघाला, एवढ्यावरून खेड्यातल्या जोशी-कुलकर्ण्यांचे वाडे पेटले. त्यांनी नथुरामचं नाव आदल्या दिवशीपर्यंत ऐकलेलं नव्हतं. दप्तरं, धान्याच्या कणग्या, गोठे जळाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांची. जुनी माणसं ‘जाळपोळीचं साल’ म्हणून अजून सांगतात. आमच्याकडच्या कित्येक गावांत पडक्या जोत्यावर आता गाजरगवत आहे आणि त्या जागेला अजून त्याच कुटुंबाच्या नावाने हाक मारतात. कुटुंब पुण्याला गेलं ते गेलंच.

आणि दुसरी बाजू मोगलाईची. बार्शी तालुक्याच्या शिवेपलीकडे निजामाचं राज्य सुरू व्हायचं. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, म्होरक्या झाला आणि त्याच्या माणसांनी मराठवाड्यात जे केलं त्याला भिऊन माणसं बैलगाड्या जुंपून आपल्या तालुक्यात आली. आपल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण सप्टेंबरात भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, ती पोलीस ॲक्शन झाली आणि रझाकारांचा हिशेब कुणाकडून वसूल झाला? केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सगळ्यात वाईट जिल्हे. संपूर्ण संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. लातूर हे रझवीचं गाव म्हणून तिथे वीस दिवसांच्या वर कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समिती पोहोचली तेव्हा गावात जेमतेम तीन हजार उरले होते. स्वतः रझवी जिवंत राहिला. शिक्षा भोगून 1957 मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत मेला.

दोन्हीकडे एकच झालं. गुन्हा एका माणसाचा, मग त्याच्या घराचा, मग त्याच्या आळीचा, मग जातीचा. ही पायरी एकदा उतरली की थांबायला जागा नसते. घरापाशीच थांबावं लागतं.

घरात काय चाललंय हे घरच्यांना कळत नसतं का, असं लोक विचारतात. कधी कळतं, कधी कळू दिलं जात नाही. अबोटाबादला ओसामा बिन लादेन ज्या भिंतीआड राहिला तिथे त्याच्या निरोप्याचंही कुटुंब होतं. निरोप्याच्या लहान मुलीने विचारलं, वरच्या मजल्यावरचे काका बाजारात का जात नाहीत? बापाने सांगितलं, त्यांच्याकडे पैसे नाहीत. तेव्हापासून ती त्यांना ‘मिस्कीन काका’, गरीब काका म्हणू लागली. एक दिवस टीव्हीवर तिने तोच चेहरा ओळखला आणि त्या दिवसापासून घरातल्या बायकांचा टीव्ही बंद झाला. पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने हे नोंदवलं आहे. अशा घरात बायका-मुलं आधीचे कैदी असतात.

आणि कळतं तेव्हा काय करायचं, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत टेड काझिन्स्की सतरा वर्षं टपालाने बॉम्ब पाठवत होता, तीन माणसं मेली. 1995 मध्ये त्याचं लांबलचक निवेदन वर्तमानपत्रात छापून आलं. भावजय लिंडाला आधी शंका आली, मग भाऊ डेव्हिडला भाषा ओळखीची वाटली. त्याने पोलिसांना कळवलं, त्याचबरोबर भावाला फाशी होऊ नये म्हणून धडपड केली आणि बक्षिसातला मोठा वाटा मेलेल्यांच्या, जखमींच्या घरच्यांना दिला. टेड 2023 मध्ये मरेपर्यंत भावाशी बोलला नाही. आपल्याकडे भावकीची शपथ फार जड असते, मला माहीत आहे. तरी मी डेव्हिडला सख्खा भाऊच म्हणेन.

नथुरामच्या फाशीची शिक्षा कमी करा, अशी विनंती गांधींच्या घरातूनच गेली होती. मणिलाल आणि रामदास या दोन मुलांनी ती केली, रामदासांनी तर नथुरामला पत्रंही लिहिली. विनंती मानली गेली नाही. पण ज्यांचा बाप मारला गेला त्यांना मारणाऱ्याशी बोलावंसं वाटलं. मग आपल्याला त्याच्या भावजयीशी बोलायला काय हरकत होती?

उद्या आपल्या बार्शी-वैराग भागात रात्री पोलिसांची गाडी एखाद्या दारात थांबली आणि सकाळी टीव्हीवर त्या घरातल्या पोराचं नाव आलं, मग ते नाव कोणत्याही धर्माचं असो, तर खटला न्यायालय चालवेल. त्या घरची उधारी दुकानदाराने लगेच तोडू नये. दुधाचा रतीब चालू राहावा. दारासमोर घोषणा द्यायला जाऊ नये, आणि हार घालायलाही जाऊ नये. बायकांनी एकदा तरी आत जाऊन त्या आईशेजारी बसावं. आणि त्या घरातलं धाकटं पोर दहावीला असेल तर त्याचा परीक्षेचा फॉर्म भरला गेला की नाही, हे शिक्षकांनी त्याच आठवड्यात स्वतः जाऊन बघावं.