शासनास योग्य वाटल्यास

ऑगस्ट २०१५ मध्ये मानेसर येथील मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात चोवीस वर्षांचा एक कामगार रोबोच्या तडाख्यात सापडून मरण पावला. जागचा सरकलेला पत्रा नीट बसवावा, एवढ्यासाठी तो त्या यंत्राजवळ गेला होता. दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी दोन-चार दिवस ‘खुनी यंत्रा’च्या बातम्या रंगविल्या, पोलिसांनी गुन्हा नोंदविला आणि विषय मिटला.

प्रशासनात उमेदवारी केलेल्या माणसास अशा वेळी एकच प्रश्न सुचतो : पुढे काय झाले? यंत्राभोवती कुंपण होते काय? कुंपणाचे दार उघडताच यंत्र आपोआप थांबेल अशी व्यवस्था होती काय, की ती उत्पादनाचा वेग राखण्यासाठी बंद करून ठेवली होती? या प्रश्नांची उत्तरे देशातील प्रत्येक कारखान्यास हवी आहेत. ती पोहोचविण्याची जबाबदारी मात्र कोणाचीही नव्हती.

त्या वेळी लागू असलेला कायदा पाहा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे मृत्यू घडविणाऱ्या अपघाताची चौकशी महिन्याभरात करावी लागे. कलम ९० खाली राज्य शासन अधिक सखोल चौकशी नेमू शकत असे. पण तिचा अहवाल प्रसिद्ध करावयाचा तो ‘शासनास योग्य वाटल्यास’. ज्याने आयुष्य फायलींत घालविले आहे त्याला या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. योग्य वाटावयाला कोणीतरी आग्रह धरावा लागतो. आणि आग्रह धरणारा कोणी नसेल तर कपाटाला कुलूप लागते. आता त्या अधिनियमाची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. परंतु कायदा बदलल्याने कपाटाची सवय बदलत नाही.

याच्या जोडीला एक जुने उदाहरण ठेवतो. जुलै १९८४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एक कामगार रोबोची पाठ आणि एक पोलादी खांब यांच्यामध्ये चिरडला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेथील व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने देशभरासाठी सूचनापत्र काढले : कुंपणाच्या दारास यंत्र थांबविणारी कळ बसवा, यंत्र आणि खांब यांत पुरेसे अंतर ठेवा, यंत्राच्या हालचालीची कक्षा जमिनीवर ठळक आखा, कामगारांना प्रशिक्षण द्या. मरणाऱ्याचे नाव त्यात नव्हते, मालकाची बदनामी नव्हती. शिकण्यासारखे जे होते ते मात्र सारे होते. एक मृत्यू, पाच महिने, काही पानांचे पत्रक. यासाठी विलक्षण बुद्धिमत्ता लागत नाही. हे काम आपले आहे असे मानणारी एक संस्था लागते.

अशी संस्था आपल्याकडे नाही काय? आहे. रोबोटिक्स सोसायटी ही या क्षेत्रातील संशोधकांची आणि अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना जुलै २०११ मध्ये स्थापन झाली. शिक्षणसंस्था, सरकारी प्रयोगशाळा आणि उद्योग यांच्यामधील दुवा व्हावे हा तिचा घोषित हेतू. तिची दर दोन वर्षांनी भरणारी परिषद पहिल्यांदा २०१३ साली आपल्या पुण्यात झाली. नंतर गोवा, दिल्ली, चेन्नई, कानपूर असा तिचा प्रवास चालू राहिला. तेथे वाचले जाणारे शोधनिबंध मोलाचे आहेत, याविषयी मला शंका नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती दोन्ही पक्षांविरुद्ध आहे.

पहिली तक्रार माझ्या स्वतःच्या जातकुळीविरुद्ध. काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका कार्यालयात दूरनियंत्रित यंत्रे खरेदी करण्याच्या समितीवर मी होतो. निविदेतील तांत्रिक तपशील वाचताना ते कोठेतरी पाहिल्यासारखे वाटले. शोधल्यावर ते एका विक्रेत्याच्या माहितीपत्रकाशी दशांश चिन्हापर्यंत जुळले. स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे असे मी सुचविले, तेव्हा कोणाच्या तरी ओळखीच्या एका प्राध्यापकांचे नाव पुढे आले. ते गृहस्थ विद्वान होते, पण त्यांचा विषय दुसराच होता. ‘या विषयाची राष्ट्रीय संघटना आहे, तिला पत्र लिहू’ असे त्या खोलीत कोणालाही सुचले नाही. मलाही नाही, हे येथे कबूल करतो. आपल्याकडे तज्ज्ञ म्हणजे ज्याचा दूरध्वनी क्रमांक सहसचिवांकडे आहे तो.

इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२३ साली रोबोटिक्सच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. उत्पादन, शेती, आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा ही क्षेत्रे त्यात निवडली आहेत. २०३० पर्यंत जगात अग्रस्थान मिळविण्याची आकांक्षा आहे. मसुद्यावर अभिप्रायही मागविले गेले. पण कायद्यांच्या मसुद्यांसाठी २०१४ साली जे विचारविनिमयाचे धोरण ठरले, त्यातील अभिप्रायांचा गोषवारा प्रसिद्ध करण्याची अपेक्षा धोरणपत्रांना लागू होत नाही. तेव्हा कोणी काय सुचविले आणि ते का नाकारले, हे सांगण्यास कोणी बांधलेला नाही. ज्याचे उत्तर द्यावे लागत नाही त्या सल्ल्याला प्रशासनात आवक क्रमांकाखेरीज काही मिळत नाही.

दुसरी तक्रार विद्वानांविरुद्ध. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसविले गेले. त्या वर्षी जगात आपला क्रमांक सातवा होता. यांतील पुष्कळ यंत्रांशेजारी मानेसर-चाकणसारख्या पट्ट्यांत कंत्राटी कामगार उभे असतात. त्यांच्यासाठी मराठीत वा हिंदीत चार पानांची सुरक्षापुस्तिका काढणे हे व्यावसायिक संघटनेचे काम नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘व्यावसायिक’ हा शब्द सोडून ‘विद्वत्सभा’ म्हणवून घ्यावे. त्यात काही कमीपणा नाही. पण मग शासन आपल्याला विचारत नाही, ही कुरकुर करू नये.

यावर दोन आक्षेप येतील, हे जाणतो. एक असा की, अशा संघटनेला कायदेशीर अधिकार नाही. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, वास्तुविशारदांचा १९७२ चा. अभियंत्यांचा परवाना देणारा वा काढून घेणारा तसा केंद्रीय कायदा नाही. खरे आहे. पण मी परवाने मागतच नाही. त्या रांगा आपण पुष्कळ पाहिल्या. सल्ला देण्यासाठी परवाना लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : संघटनेचे सदस्य त्याच कंपन्यांचे प्रकल्प घेतात, मग त्यांचे मत निःपक्षपाती कसे? यावर उपाय म्हणजे हितसंबंध लेखी जाहीर करून घेणे. आज जो एकटा ओळखीचा प्राध्यापक समितीवर बसतो, त्याच्याकडून बहुधा तेवढेही घेतले जात नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन मागण्यांपुरते आहे, आणि तिन्ही साध्या परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत. रोबोमुळे घडलेल्या प्रत्येक गंभीर अपघाताचा, नावे वगळून केलेला तांत्रिक सारांश सहा महिन्यांत प्रसिद्ध व्हावा आणि तो लिहिताना व्यावसायिक संघटनेचा एक सदस्य निरीक्षकाबरोबर असावा. ठराविक रकमेवरील सरकारी खरेदीत तांत्रिक तपशील निविदेपूर्वी संघटनेकडे पाठवावेत; सल्ला नाकारल्यास कारण फायलीवर लिहावे. आणि संघटनेने, कोणी सांगण्याची वाट न पाहता, पुढच्या परिषदेत एक पूर्ण दिवस अपघातांसाठी राखून ठेवावा, कारखाना निरीक्षकांना व्यासपीठावर बोलवावे आणि त्या दिवसाचे इतिवृत्त भारतीय भाषांत छापावे.

परराज्यात नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्यांची या क्षेत्रात वाण नाही. गुरुग्राम-नोएडात त्यांतले कित्येक भेटतात. त्यांच्यापैकी जे या संघटनेचे सदस्य असतील त्यांनी निदान तिसरी मागणी पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडावी. पहिल्या दोन मागण्यांसाठी आम्हा कारकुनांशी भांडावे लागेल. त्यासाठी लागणारा मसुदा मी आनंदाने लिहून देईन. आणि त्यात ‘योग्य वाटल्यास’ हे शब्द नसतील.