हजार ग्रह आणि एक गाव

सुट्टीच्या दिवशी घरातले मूल तासन् तास संगणकासमोर बसलेले दिसले, की आपल्या तोंडून एकच उद्गार निघतो : ‘काय हा वेळेचा अपव्यय!’ पण ते नेमके काय खेळते आहे, हे पाहण्याची तसदी फार थोडे पालक घेतात. ती घ्यायला हवी. काही व्हिडिओ गेम आता कादंबरीशी आणि चित्रपटाशी स्पर्धा करू पाहत आहेत.

‘स्टारफील्ड’ हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने हा खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आणला. काळ आहे इ. स. २३३०. माणूस पृथ्वी सोडून दूरच्या ताऱ्यांभोवती वसला आहे. खेळणारा असतो एक साधा खाणकामगार. एक गूढ वस्तू हाती लागते आणि त्याचा प्रवास सुरू होतो. पुढे कोणाची बाजू घ्यायची, चाच्यांना मिळायचे की त्यांना पकडून द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकेक भाग जोडून स्वतःचे यानही बांधता येते. ओसाड चंद्रावर उभे राहून क्षितिजावर उगवणारा अजस्र ग्रह पाहताना जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या वाचकालाही भुरळ पडावी.

मग घोडे अडते कुठे? या खेळात हजाराहून अधिक ग्रह आहेत आणि अडचण तिथेच आहे. बहुतेक जमीन संगणकाने गणिती नियमांनी तयार करायची आणि कलाकारांनी घडवलेल्या ठरावीक वास्तू तिच्यावर पेरायच्या, अशी ही रीत. त्यामुळे एका ग्रहावर पाहिलेले ओसाड ठाणे दुसऱ्या ग्रहावर जसेच्या तसे पुन्हा भेटते. ग्रहांमधला प्रवासही बराचसा नकाशावर ठिकाण निवडण्यात आणि पडदा बदलण्याची वाट पाहण्यातच संपतो. जमिनीचे नीट नकाशे मे २०२४ मध्ये आले, हिंडायला गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये. पण गाडीने अंतर कमी होते, रितेपण नव्हे. अवकाश रितेच असते, असे यावर समर्थन केले जाते. विज्ञान म्हणून ते खरे आहे. गोष्ट म्हणून मात्र अपुरे आहे.

उलट आपल्या जवळचे एकच गाव घ्या. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की लोणी काळभोर लागते. इंधनाच्या डेपोंकडे जाणारे टँकर, शेतांना पाणी देणारा खडकवासल्याचा कालवा, राज कपूर यांची राजबाग. काही किलोमीटरवर थेऊर, तिथला चिंतामणी, आणि १७७२ मध्ये तिथेच देह ठेवलेले थोरले माधवराव. एवढ्याशा परिसरात किती काळ एकमेकांशेजारी नांदत आहेत! आणि त्याच राजबागेत आज कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवणारे एमआयटीचे विद्यापीठ उभे आहे.

तिथे शिकणाऱ्या मुलांपैकी काही जण उद्या असे खेळ घडवतील. त्यांनी हजार ग्रहांच्या मागे धावावे काय? पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ केला. तो विज्ञानकथा नाही, त्याचे जगही मोकळे नाही. काही तासांत तो संपतो. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट. पण ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. विस्तार मोठा नसला तरी आपलेपण जगापर्यंत पोहोचते, हे त्याने दाखवले.

आपल्या मातीतली विज्ञानकथा, दोनशे वर्षांनंतरचे एखादे लोणी काळभोर, तिथला कालवा, तिथली माणसे आणि त्यांची मराठी, असा खेळ का होऊ नये? पालकांनीही ‘किती वेळ खेळलास?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तिथे कोण भेटले, तू काय ठरवलेस?’ असेही विचारावे. मूल भरभरून बोलू लागले, तर तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही. त्याला सांगण्यासारखे काहीच नसेल, तर मात्र खेळ बंद करून त्याला थेऊरला घेऊन जावे.