चाचणी कोणाच्या भाषेत?



जमिनीच्या पुराव्याचे कागद गोळा करत आम्ही मागच्या महिन्यात एका गावात गेलो, तं एका घरी वेगळाच कागद निघाला. 'विद्यार्थी मतिमंद, विशेष शाळेत पाठवावे.' खाली बापाचा अंगठा. बापाला वाटलं, वह्या-पुस्तकांचा कागद असेल.

पोरगा सात वर्षांचा. त्याला चित्रं दाखवून मराठीत विचारलं, हे काय? आगगाडी, टपालपेटी, नळ. नळ त्यानं कधी पाहिला नाही. पाण्याकडे बोट दाखवून 'एर' म्हणाला, ते चूक धरलं. मोजायला सांगितलं तं त्यानं गोंडीत बरोबर मोजलं : उंदी, रंड, मूंद. दुसरा आकडा गुरुजींच्या कानाला शिवी लागली. थापड बसली. तेव्हापासून पोरगा शाळेत बोलतच नाही, आणि कागदावर 'बोलत नाही' हेही लिहिलं गेलं.

हाच पोरगा रोज संध्याकाळी जंगलातून शेळ्या मोजून आणतो. आम्ही गोंडीत विचारलं, तं कोणती कोणाची, कोणती गाभण, सगळं सांगितलं.

गुरुजी वाईट माणूस नाही. पावसाळ्यात नाला ओलांडून शाळेत येतो, हे आम्ही मानतो. पण 'गोंडाच्या पोराले काई समजत नाई' हे त्याच्या मनात आधीच बसलेलं आहे, त्यालाही ते ठाऊक नसेल. चाचणी त्यावर शिक्का मारते एवढंच.

त्याच शाळेत एक मुलगी तीन वर्षं पहिलीतच आहे. मागून हाक मारली तर वळत नाही. तोंडाकडे पाहूनच उत्तर देते. तिला कमी ऐकू येते, हे आम्हाला अर्ध्या तासात कळलं. शाळेत कोणी तिचे कान तपासायला सांगितलं नाही. काहून? 'यांची पोरं अशीच लाजाळू.'

हे आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या पोरांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मंद मुलांच्या वर्गात टाकलं होतं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासलं तं त्यातली बहुतेक मंद नव्हती. १९७० साली कोर्टात तडजोड होऊन शाळाखात्याला पोरांच्या घरच्या भाषेतही चाचणी घेणं मान्य करावं लागलं. आपल्या संविधानाचं कलम ३५०-क सुद्धा भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा म्हणते.

बापानं अंगठा परत घेण्याचा अर्ज दिला आहे. पोरगा सध्या घरीच आहे. पुढच्या बैठकीत ठरवू : चाचणीला गावातलं गोंडी जाणणारं माणूस बसलं पाहिजे, आधी कान-डोळे तपासले पाहिजेत, आणि कागद वाचून दाखवल्याशिवाय कोणीही अंगठा देऊ नये. मुलीला सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे. तिच्या आईसोबत कोण जातो, ते बाजाराच्या दिवशी कळवा.