नोकरी करणाऱ्या आई-बाबांची सुट्टी: जागा नंतर ठरवा, आधी रजा ठरवा

मे महिन्याच्या मध्यापासून माझ्या ओपीडीत एक वेगळी गर्दी सुरू होते. सुट्टीवरून परत आलेल्यांची. कुणाला जुलाब, कुणाला घसादुखी, कुणाची कंबर धरलेली, आणि बऱ्याच जणांची तक्रार एकच: "डॉक्टर, फिरून आलो पण थकवा काही जात नाही."

गेल्या उन्हाळ्यातलं एक कुटुंब सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. दोघंही नोकरी करणारे, राहायला नवीन पनवेलमध्ये. त्यांचं ऑफिस फोर्टला, म्हणजे रोज हार्बर लाईनने जाऊन-येऊन अडीच-तीन तास. तिची वाशीला बँकेत नोकरी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. तीन वर्षं कुठेच गेले नव्हते, म्हणून या वेळी सगळी कसर भरून काढायची ठरवली. सिमला-मनाली, आठ रात्री नऊ दिवस, चार हॉटेलं. रविवारी मध्यरात्री घरी पोहोचले, सोमवारी सकाळी दोघंही कामावर. मंगळवारी संध्याकाळी चौघंही माझ्यासमोर. मुलाला जुलाब, तिचं अर्धं डोकं दुखतंय, आणि त्यांचं बीपी १५४/९८. बीपीच्या गोळ्या घरीच टेबलावर राहिल्या होत्या. "तिथे कुठे मेडिकलमध्ये विचारत बसायचं," म्हणून नऊ दिवस गोळी नाही. हसत हसत ते म्हणाले, "आता या सुट्टीतून बरं व्हायला सुट्टी घ्यावी लागणार." ती मात्र हसली नाही.

या विषयावर माझं एक ठाम मत आहे, आणि ते टूर कंपन्यांना आवडणार नाही. आपण सुट्टी आखताना सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो. आधी जागा ठरवतो, मग त्या जागेत जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबतो, आणि रजा सगळ्यात शेवटी मागतो, तीही मिळेल तेवढी. डॉक्टर म्हणून मला हे उलटं हवं आहे.

सुट्टीचा आणि तब्येतीचा संबंध आहे का? आहे, असं दिसतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात हृदयविकारावर अनेक दशकं अभ्यास चालू आहे. तिथल्या स्त्रियांच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून १९९२ साली निघालेल्या निष्कर्षांत, क्वचितच सुट्टी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण जास्त आढळलं. २००० साली हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १२,००० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये पुढच्या नऊ वर्षांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. २०१८ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हेलसिंकीच्या व्यावसायिकांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. या लोकांना आहार, व्यायाम, सिगारेट सोडणं यांचा नियमित सल्ला दिला जात होता. तरीही त्यांच्यात वर्षाला तीन आठवडे किंवा त्याहून कमी सुट्टी घेणाऱ्यांना पुढच्या तीस वर्षांत मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला. सुट्टी कमी घेणारे काम जास्त करत आणि झोपतही कमी.

यावरून "सुट्टी घेतली की अटॅक येत नाही" असं कुणी फॉरवर्ड करू नका. ज्याची तब्येत बरी आणि खिशात पैसे, तोच जास्त फिरतो, हाही भाग यात असणारच. पण वर्षानुवर्षं रजा न घेता काम करत राहणं शरीराला मानवत नाही, एवढं मी माझ्या रुग्णांकडे पाहून नक्की म्हणेन.

मला यापेक्षा महत्त्वाचे वाटतात ते नेदरलँड्समधले दोन अभ्यास. एकात दिसलं, की सुट्टीत माणसाला वाटणारा ताजेपणा हळूहळू वाढत आठव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पूर्ववत होतो. म्हणजे पंधरा दिवस जा नाहीतर महिनाभर जा, फायदा साठवून ठेवता येत नाही. झोपेसारखंच आहे हे. रविवारी चौदा तास झोपून आठवड्याची झोप भरून निघत नाही. दुसऱ्या अभ्यासात, सुट्टीला जाणारे लोक जाण्याच्या आधीच न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खुश होते, पण परत आल्यावर बहुतेकांमध्ये तो फरक उरला नव्हता. वाट पाहण्यातही सुट्टी असते तर!

हे दोन्ही एकत्र ठेवलं की माझं गणित तयार होतं. तीन वर्षांतून एक मोठी ट्रिप करण्यापेक्षा वर्षातून दोन लहान सुट्ट्या घ्या, प्रत्येकी चार-पाच दिवसांच्या, एकाच ठिकाणी मुक्काम करून. आणि परतल्यावर एक पूर्ण दिवस घरी. हा शेवटचा दिवस ऐच्छिक नाही. तो रजेच्या अर्जातच लिहा.

त्या घरातल्या तिची अर्धशिशी मला नवीन नव्हती. ताण असताना डोकं दुखतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ताण अचानक उतरला की पुढच्या काही तासांत अर्धशिशी उठू शकते, हे फार कमी जणांना माहीत असतं. शुक्रवारपर्यंत फायली उपसायच्या, रात्री दोनपर्यंत बॅगा भरायच्या, पहाटे चारला एअरपोर्ट, मग एकदम मोकळं. तिला पहिला झटका सिमल्याला पोहोचल्याच्या संध्याकाळी आला होता. अर्धशिशी असणाऱ्यांनी निघण्याआधी एक दिवस मोकळा ठेवावा, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा फार हलवू नयेत, आणि रोजचा चहा प्रवासात एकदम बंद करू नये.

आता रजेबद्दल. "डॉक्टर, रजाच कुठे मिळते?" हे मी रोज ऐकते, आणि काही जणांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. पण कित्येकांना आपल्याला किती रजा आहे तेच माहीत नसतं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी मिळतात, आणि त्या वर्षाअखेर वापरल्या नाहीत तर बुडतात. वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा वेगळी. ती साठवता येते, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. रजा साठवणाऱ्या माणसांचं मला कौतुक वाटत नाही. मुलं चौथीत असतानाची रजा ती दहावीत गेल्यावर कामी येत नाही.

तेव्हा शाळेचं कॅलेंडर हातात पडलं की त्याच आठवड्यात दोघांनी बसून आपापल्या रजा समोरासमोर लिहा आणि अर्ज देऊन टाका. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे मे महिन्याची तिकिटं मार्चमध्ये, मुलांच्या परीक्षांच्या ऐन धामधुमीत. तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा, नाहीतर कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट काय असते ते मी पनवेलकरांना सांगायला नको.

खरं तर आपल्याला फार लांब जायची गरजही नाही. मुंबईकर तीन तास गाडी चालवून जिथे येतात, त्याच्या अर्ध्या वाटेवर आपण राहतो. माथेरानला दस्तुरीच्या पुढे गाडीच जात नाही, त्यामुळे मुलं चालतात, तीही कुरकुर न करता. नागाव, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन एका सकाळीत गाठता येतं. फक्त शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत, हे करू नका. बोरघाटात किंवा वडखळला गाडीत बसून काढलेले चार तास म्हणजे विश्रांती नव्हे. मधल्या वारी जा. गर्दी नसते आणि खोलीचं भाडंही कमी असतं.

एक विषय मात्र पुरुष वाचकांनी शांतपणे वाचावा. त्या दिवशी तपासून झाल्यावर नवरा मुलांना घेऊन बाहेर गेला आणि ती थांबली. म्हणाली, "डॉक्टर, हॉटेल मी शोधली, स्वेटर मी आणले, सगळ्यांच्या बॅगा मी भरल्या, मुलगा रात्री उठला की मी उठायचे. ह्यांच्या गोळ्या राहिल्या तर सासूबाई फोनवर म्हणाल्या, तुझं लक्ष कुठे होतं?" मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी मी जाणारच नाही. तुम्ही तिघं जा म्हणणार आहे."

बीपी नवऱ्याचं वाढलं होतं, पण जास्त काळजी मला हिची वाटली. सुट्टी ही तिच्यासाठी एक जादा नोकरी झाली होती. गावी गेलं तर वेगळंच. मे महिन्यात गावच्या घरी पंधरा-वीस माणसं जमतात, आमरसाच्या पंगती उठतात, आणि नोकरी करणारी सून बँकेतून थेट चुलीसमोर येते. मुलांना ते दिवस आयुष्यभर आठवतात हे खरंच, आणि मी गावी जाऊ नका असं अजिबात म्हणत नाही. पण तिच्या रजेचे सगळेच दिवस त्यात घालवू नका. ठरवण्याआधी घरातल्या बाईला एकच विचारा: यात तुझी झोप कुठे आहे? आणि कामं वाटून घ्या. एकाने बुकिंग करायचं, तर दुसऱ्याने सामान भरायचं. आपल्या गोळ्या ज्याच्या त्याने घ्यायच्या. चाळिशीचा माणूस आपलं बीपीचं औषध विसरला तर त्याला बायको जबाबदार नाही.

गोळ्या हातातल्या बॅगेत, मोजून दोन दिवसांच्या जास्त, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये. इन्सुलिन विमानाच्या सामानात किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायचं नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर हॉटेलला आधी फोन करून विचारा, खोली तळमजल्यावर आहे का आणि कमोड आहे का. गुडघेदुखीच्या माणसाची ट्रिप समुद्राच्या नजाऱ्यापेक्षा यावर जास्त ठरते.

मुलांना घाटात गाडी लागते ती साधारण दोन ते बारा वर्षं या वयात जास्त. कान सांगतो आपण हलतोय, मोबाईलवर खिळलेला डोळा सांगतो आपण स्थिर आहोत, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून घाटात मोबाईल बंद, समोर लांब बघायचं, पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, काच थोडी उघडी. गोळी द्यायची असेल तर ती निघण्याआधी देतात. उलटी झाल्यावर देऊन उपयोग नाही. मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. ओआरएसची चार पाकिटं बॅगेत हवीतच.

लेह-लडाखची फॅशन आली आहे म्हणून एवढंच: लेह ३५०० मीटरवर आहे. विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस फिरणं नाही, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी तपासणी. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं याला "हवाबदल" म्हणून सोडून देऊ नका. त्रास असताना आणखी वर चढायचं नाही, आणि चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली यायचं.

कोकणात जाणाऱ्यांनी मुलांचे बूट आणि अंथरूण झटकून घ्यावं. लाल विंचू तिथे खरोखर असतो आणि त्याचा दंश लहान मुलाच्या हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या बीपीच्या साध्या औषधाने या दंशाचे मृत्यू कमी करून दाखवले आणि जगाने ते मान्य केलं. म्हणजे उपचार आहेत, पण वेळेत पोहोचायला हवं. हातपाय गार पडून घाम येत असेल तर मंत्र, लेप यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

ती पुढच्या खेपेला नवऱ्याच्या गोळ्यांसाठी आली ती दिवाळीनंतर. चार रात्री दिवेआगरला जाऊन आले होते, एकच घर, जेवण तिथलंच. भाऊबीजेला लगेच गावी आले नाहीत म्हणून सासूबाई नाराज होत्या, अजूनही आहेत. नवऱ्याने ऑफिसचा फोन दिवसातून एकदाच, संध्याकाळी पाहायचा ठरवलं होतं. चारपैकी दोन दिवस जमलं म्हणे. बीपी १३४/८६.

शेवटचं एक, कारण हे नेहमी राहून जातं. प्रवासाहून आल्यावर महिन्याभरात कुणालाही ताप आला, तर कुठे कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉईड, कशाची तपासणी आधी करायची हे त्यावर ठरतं. "साधा व्हायरल असेल" म्हणून घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊन पाचव्या दिवशी येऊ नका.