दाढदुखी म्हणजे तप नव्हे



चातुर्मासात मंदिरात बायका जमल्या की उपवास, एकासन, वाचन यांच्या गप्पा चालतातच. त्यात हमखास एक विषय हळूच निघतो, तो म्हणजे कुणाची तरी दाढ. "लई दुखायलीय गं, पण पर्युषण होऊ दे, मग बघू." पर्युषणानंतर दिवाळी येते, दिवाळीनंतर रास, मग लग्नसराई. दाढ तिथेच आणि गालावरचा हातही तिथेच. वर एक वाक्य ठरलेलं असतं, "सोसायचं, तेवढीच कर्मनिर्जरा." या वाक्याशी माझं भांडण आहे, म्हणून आज हे लिहिते.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. नवव्या दिवशी नववा अध्याय. त्यात बावीस परिषह आहेत आणि रोग हा त्यातलाच एक. आपण नेमका तेवढाच धागा धरतो. पण ते परिषह प्रामुख्याने मुनींच्या मार्गातले आहेत. शिवाय त्याच अध्यायात थोडं पुढे आर्तध्यानाचे चार प्रकार येतात, त्यात वेदनेचं आर्तध्यानही आहे. दुखणं कधी थांबेल, कसं थांबेल, याच विचारात मन अडकून राहणं म्हणजे ते. आता खरं सांगा, दाढ ठणकत असताना सामायिकाला बसलं तर मन कुठे असतं? णमोकार मंत्रात की दाढेत? जी वेदना तासाभरात थांबवता येते, ती महिनाभर धरून बसणं याला निर्जरा म्हणायला मी तयार नाही.

कुणी म्हणेल, आपल्या कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली सल्लेखना घेतली, देहाचा मोह सोडला. हो, आणि आपल्या जिल्ह्याला त्याचा अभिमान आहेच. पण महाराजांची दृष्टी जात चालली होती. डोळ्यांनी दिसेना तर जीव वाचवून चालणार कसं, आहार शोधून घेणार कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. रत्नकरंड श्रावकाचारातही सल्लेखनेची कारणं सांगितली आहेत ती संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि ज्यावर उपाय उरलेला नाही असा रोग. किडलेल्या दाढेवर उपाय उरलेला असतो. तो बहुतेक वेळा आपल्या तालुक्याच्या गावीच असतो.

आधी "कीड" या शब्दाचं बघू, कारण या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. दाताला कीड लागली म्हणजे आत पाय असलेला, वळवळणारा जीव बसला आहे असं नाही. तोंडातले सूक्ष्म जंतू दाताला चिकटलेल्या साखरेवर, पिठूळ घासावर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचं वरचं कठीण आवरण विरघळतं आणि खड्डा पडतो. आठवडी बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन "किडे" काढून दाखवणारे असायचे. पाण्यावर तरंगणारं ते पांढरं काही दातातलं नसून बियांमधलंच असतं. तेव्हा "दात साफ केला तर जीवहिंसा होईल का" असं विचारणाऱ्या बहिणींना माझं एवढंच सांगणं आहे की श्रावकाने सोडायची ती संकल्पी हिंसा. तोंडात सडकी जागा राहू दिली तर जंतूंची उत्पत्ती उलट वाढते.

दुसरा मुद्दा अदंतधावनाचा. मुनींच्या 28 मूलगुणांत दात न घासणं आहे हे खरं. पण त्याच यादीत दिवसातून एकदाच, उभ्याने आहार घेणंही आहे. आपण सकाळी चहा, मग पोहे, मधे कुणी आलं म्हणून पुन्हा चहा, कुंथलगिरीहून आलेला पेढा आणि दुपारी चिवडा खाणार, आणि दात घासण्यापुरता मुनिधर्म पाळणार, हे काही जमायचं नाही. सूर्यास्तापूर्वीचं जेवण झालं की लगेच दात घासा. त्यानंतर तोंडात काही जाणारच नसेल, तर दातांच्या दृष्टीने आपल्या चौविहारासारखा दुसरा नियम नाही.

आता मुख्य प्रश्न. दाढ दुखायला लागली तर रूट कॅनाल करायचं, काढून टाकायची, की घरगुती उपायांवर भागवायचं? मी डॉक्टर नाही. पण सासूबाई, जाऊबाई आणि शेजारणी यांच्याबरोबर दातांच्या दवाखान्यात बसून आणि प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारून जे समजलं ते सांगते.

गार पाणी लागलं की झिणझिणतं आणि दोन-चार सेकंदात थांबतं, तोवर बहुधा नुसती सिमेंट भरून काम भागतं. स्वस्तात, एका बैठकीत. गार-गरम लागल्यावर ठणका बराच वेळ टिकतो, रात्री आडवं झालं की वाढतो, आपोआप दुखायला लागतं, तेव्हा कीड दातातल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते. मग रूट कॅनालचा विषय निघतो. काही वेळा नस पूर्ण सडलेली नसेल तर तिचा फक्त वरचा भाग काढून, औषधी सिमेंट लावून उरलेली नस वाचवता येते. म्हणून डॉक्टरांना विचारा, "नस वाचण्यासारखी आहे का?" हा प्रश्न लवकर गेलेल्या बाईलाच विचारता येतो.

आणि सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे दुखून दुखून एक दिवस अचानक थांबतं. आपण म्हणतो, बरं झालं. खरं तर नस मेलेली असते. दुखायला आत काही उरलेलंच नसतं, पण सडणं मुळाच्या टोकाशी चालूच राहतं आणि काही महिन्यांनी गाल सुजून येतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी सूज उतरते, पण मेलेल्या नसेत रक्तच पोहोचत नाही तर औषध तरी कसं पोहोचणार? सूज पुन्हा येते. सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळताना किंवा तोंड उघडताना त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट न बघता सरळ मोठा दवाखाना गाठायचा. यात जीवही जाऊ शकतो.

रूट कॅनाल म्हणजे तरी काय? इंजेक्शनने जागा बधिर करतात, दाताला वरून छिद्र पाडतात, सडलेली नस बारीक सुयांनी साफ करतात, औषधाने धुतात आणि पोकळी भरून टाकतात. भरतात ते गटापर्चा, म्हणजे मलेशिया-इंडोनेशियाकडच्या एका झाडाचा वाळवलेला चीक, त्यात झिंक ऑक्साइड मिसळलेलं. आपल्यातल्या अनेकींना हे माहीत नसतं आणि "काय भरतात कोण जाणे" म्हणून त्या मागे सरतात. तर तो झाडाचा चीक आहे, निर्धास्त राहा. नंतर दाढेवर कॅप बसवायची. पैसे वाचवायला कॅप टाळली की दाढ एखाद्या दिवशी शेंगदाणा चावताना तडकते आणि केलेलं सगळं वाया जातं.

मोबाइलवर फिरणारा तो निरोपही तुम्ही वाचला असेल की रूट कॅनालमुळे कॅन्सर होतो. याचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन दंतवैद्यांनी मेलेल्या दातातून रोग सगळ्या शरीरात पसरतात असं मांडलं होतं. नंतरच्या संशोधकांना त्यांच्या प्रयोगांत दोष सापडले आणि ते मत मागे पडलं. 2018 मध्ये "रूट कॉज" नावाच्या माहितीपटाने तेच पुन्हा उकरून काढलं. दंतवैद्यांनी जोरदार हरकत घेतली आणि 2019 मध्ये नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. निरोप मात्र अजून फिरतोच आहे.

मग दाढ काढणं वाईट का? नाही. अक्कलदाढ असेल, दात हिरडीखालपर्यंत फुटला असेल, मुळाभोवतीचं हाड गेलं असेल, तर काढणंच शहाणपणाचं. अशा दातावर हजारो रुपये घालू नका. पण वाचण्यासारखी चावायची दाढ "कटकट गेली" म्हणून काढली की पुढे काय होतं तेही बघा. बाजूच्या दाढा मोकळ्या जागेकडे कलतात, समोरची दाढ लांबते, जबड्याचं हाड झिजतं. एकापाठोपाठ एक दाढा गेलेल्या आजी आपण पाहतोच. त्यांना ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून घ्यावी लागते आणि शेंगा नुसत्या बघत बसावं लागतं. दाढ काढायला कमी पैसे लागतात हे खरं, पण त्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट करायचं म्हटलं की हिशेब उलटा होतो.

इम्प्लांटबाबत आपल्यासाठी एक खास गोष्ट. हाड झिजलेलं असेल तर तिथे हाडाची भुकटी भरावी लागते आणि ती अनेकदा गाईबैलांच्या किंवा डुकरांच्या हाडापासून केलेली असते. कृत्रिम भुकटीही मिळते. आधी विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगेलच असं नाही. तसंच कॅप्सूलचं. तिचं वेष्टण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. दात काढल्यावर रक्त थांबवायला ठेवतात तो स्पंजही कधी कधी जिलेटिनचा असतो. "आम्ही जैन आहोत, कॅप्सूलऐवजी गोळी चालेल का" असं न लाजता विचारा. चांगले डॉक्टर पर्याय देतात. या बाजूने पाहिलं तर स्वतःचा दात झाडाच्या चिकाने भरून वाचवणं हा मला आपल्या आचाराला सगळ्यात जवळचा मार्ग वाटतो.

घरगुती उपायांना मी नावं ठेवत नाही. लवंगेत युजेनॉल असतं आणि त्याने जागा बधिर होते. दातांचे डॉक्टरही युजेनॉल असलेलं सिमेंट वापरतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी हिरडीला आराम पडतो. पण हे उपाय एका रात्रीपुरते. लवंगेने खड्डा बुजत नाही. काहीजणी वेदनाशामक गोळी दाढेशेजारी दाबून ठेवतात, त्याने हिरडी भाजते. आणि मिशेरी! आपल्या भागात दाढ दुखली म्हणून मिशेरी लावायला सुरुवात केलेल्या कितीतरी बायका आहेत. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दाढ बरी होत नाही, सवय मात्र लागते आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट मिळते. ज्या घरात कांदा-लसूण चालत नाही, त्या घरात मोरीच्या कट्ट्यावर मिशेरीची डबी असू नये.

व्रताचं आणि औषधाचं कसं जमवायचं? मला तरी हे अवघड वाटत नाही. सकाळची वेळ घ्या. "सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही" हे डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे गोळ्यांच्या वेळा दिवसात कशा बसवायच्या ते तेच सांगतील. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, म्हणून उपवासाच्या दिवशी काम काढू नका. मधुमेह असेल, दिवस गेले असतील, तर तेही सांगा. सगळ्यात सोपं म्हणजे आषाढात, चातुर्मास लागण्याआधीच एकदा दात दाखवून या. आपण व्रताआधी धान्य निवडून ठेवतो, मसाले करून ठेवतो, तसंच हे.

राहिला पैसा. हाच खरा अडसर असतो आणि बाई त्यावर धर्माचं पांघरूण घालते. घरात मुलाच्या दातांना तारा बसतात, यजमानांच्या दाताला कॅप बसते आणि बाईच्या दाढेची वेळ आली की "काढून टाक" म्हणतात. बऱ्याचदा तीच म्हणते. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथे आधी दाखवा. लातूरला आणि सोलापूरला दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. फेऱ्या जास्त पडतात एवढंच. दोघी-तिघी मिळून गेलात तर तेही जड जात नाही.

अपरिग्रह म्हणजे स्वतःच्या दुखण्याकडे पाठ फिरवणं नव्हे. आणि अहिंसा पाळताना जिची हिंसा आपण रोज करतो ती घरातली बाई, म्हणजे आपण स्वतः, आपल्या यादीतच नसते. तिला यादीत घ्या. ज्या दाढेवर आज जीभ सारखी जातेय, ती याच आठवड्यात दाखवून या.

जय जिनेंद्र.