'सी' किती धरायचा?

मागच्या पावसाळ्यात आपल्या वर्कशॉपमध्ये घोटाभर पाणी शिरलं, तेव्हा खरं सांगायचं तर सगळ्यांना आनंदच झाला. जॉबचं सबमिशन आठवडाभर पुढे गेलं ना! टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. घरी जाऊन रंगवून सांगितलं, पण बाबा हसले नाहीत. २६ जुलै २००५ ला मी काही महिन्यांचा होतो आणि बाबा अंधेरीहून कुर्ल्याला चालत निघाले होते. छातीभर पाण्यातून ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. त्यांनी एवढंच विचारलं, "वर्कशॉप तर चढावर आहे ना रे तुमचं?"

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे पाठ नसलेला मुंबईकर विरळाच. एवढ्या पावसाला पुरेल असं गटार कुणीच बांधत नाही, मान्य. पण या ९४४ च्या आड आपण साध्या पावसात तुंबणारी गटारंही माफ करून टाकतो, ही माझी तक्रार आहे.

सिव्हिलवाल्यांना 'क्यू बरोबर सी आय ए' हे सूत्र झोपेतही येतं. इतरांसाठी सांगतो : 'आय' म्हणजे पावसाचा जोर, 'ए' म्हणजे क्षेत्रफळ आणि 'सी' म्हणजे पडलेल्या पाण्यातला किती हिस्सा वाहून गटारात येणार तो. पेपरात 'सी' दिलेला असतो. किंमत टाकायची, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, झालं!

मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस, ओहोटीची वेळ आणि 'सी' ०.५ धरून केलेली. म्हणजे निम्मं पाणी जमीन पिणार. आता जमीन उरलीय कुठे? काँक्रीट, डांबर, पेव्हर. 'सी' जवळजवळ १. मग तेच गटार, अगदी साफ असलं तरी, तासाला साडेबारा मिलिमीटरच पेलणार. एक वीटही न हलवता आपण त्याची ताकद निम्मी केली! १९८५ च्या पुरानंतर झालेल्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० मिलिमीटर आणि 'सी' १ धरायला सांगितलं. दोन दुणे चार, म्हणजे चौपट पाणी वाहून न्यायची तयारी हवी. अहवाल धूळ खात पडला, तो २००५ नंतर खऱ्या अर्थाने बाहेर निघाला. मग हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं आली, हिंदमाताचं पाणी साठवायला भूमिगत टाक्या आल्या. पंपांना माझा विरोध नाही. भरतीला समुद्राकडची दारं बंद केल्यावर दुसरा इलाज नाही. पण चौपटीतली एक दुप्पट आपणच वाढवून ठेवलेली, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आता घरचं उदाहरण. वर्कशॉपमागचं मैदान दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी पेव्हरने झाकलं. आम्ही चौघांनी टेप लावून मोजलं, ४००० चौरस मीटर भरलं. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २०० घनमीटर पाणी. मातीला 'सी' ०.३ धरला तर ६० वाहून येतं, पेव्हरला ०.८५ धरला तर १७०. म्हणजे ११० घनमीटर जास्त, दहा हजार लिटरचे अकरा टँकर! ते वर्कशॉपच्या दारात येणार नाहीत तर जातील कुठे?

(भर पावसाळ्यात भिजलेली मातीही पाणी पीत नाही हे ठाऊक आहे, सर! म्हणून शोषखड्ड्याच्या जोडीला टाकीही सुचवलीय.)

आता कँटीनमागच्या जागेवरही पेव्हर येणार म्हणतात. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "चिखल होतो, पाहुणे येतात." निदान निम्मी जागा मोकळी सोडा आणि वर्कशॉपच्या कडेने खडीचा चर काढा, असा अर्ज आम्ही केलाय. त्यावर ६१ सह्या झाल्यात. मेकॅनिकलवाल्यांनो, वर्कशॉप तुमचं आणि तुमची एकही सही नाही!